विद्यार्थ्यांचा ब्लॉग काढावा का? वनस्पतिशास्त्राच्या एका शिक्षिकेचे उत्तर

तुमचा प्रश्न इतरांनाही कळावा म्हणून आधी थोडक्यात मांडते. तुम्ही एका अनुदानित कॉलेजात वनस्पतिशास्त्राच्या सहायक प्राध्यापक आहात, नोकरीला चार वर्षे झाली आहेत आणि पीएचडी चालू आहे. एसवाय-टीवायच्या मुलांसाठी विभागाचा ब्लॉग काढावा असे तुमच्या मनात आहे. विभागप्रमुख म्हणतात की पदोन्नतीत त्याचा एक गुणही धरत नाहीत, फार तर नॅकच्या, म्हणजे कॉलेजांना श्रेणी देणाऱ्या संस्थेच्या, फायलीला दोन पाने लावता येतील. मैत्रीण म्हणते, आता ब्लॉग कोण वाचतो, रील काढ. तुम्ही विचारता की हे काम हाती घ्यावे का, मराठीत करावे की इंग्रजीत, आणि स्वतःच्या संशोधनाबद्दल त्यात लिहिले तर अडचण येईल का.

मी ठाणे जिल्ह्यातल्या एका कॉलेजात एकतीस वर्षे हाच विषय शिकवला. त्यातली शेवटची सोळा वर्षे विभागाचा ब्लॉग चालवला. त्यावर मुलांच्या सहाशेच्या वर नोंदी आहेत.

माझे उत्तर: करा, अगदी नक्की करा. पण नॅकसाठी करू नका आणि कॉलेजचे नाव व्हावे म्हणूनही करू नका. तशा ब्लॉगवर वृक्षारोपणाचे आणि पाहुण्यांच्या सत्काराचे फोटो चढतात आणि दुसऱ्या वर्षी तो बंद पडतो. मुले रानात आणि प्रयोगशाळेत जे बघतात ते त्याच आठवड्यात, तारखेसह आणि चुकांसह लिहून ठेवायला जागा हवी. ते दुसऱ्याला वाचता आणि दुरुस्त करता आले पाहिजे. आपल्या जर्नलने, म्हणजे प्रात्यक्षिकाच्या वहीने, हे होत नाही. माझे हे मत कसे झाले ते सांगते.

२००८ साली येऊरच्या जंगलात कारवी फुलली. कारवी हे झुडूप सात-आठ वर्षांतून एकदाच फुलते, आणि फुलते तेव्हा डोंगराचा उतारच्या उतार जांभळा होतो. आम्ही टीवायच्या मुलांना घेऊन त्या पावसाळ्यात चार वेळा गेलो. मुलांनी जीव लावून नोंदी केल्या. कुठल्या उतारावर आधी फुले आली, काठ्या किती उंच आहेत, कोणकोणत्या माश्या येतात, कुठला पट्टा अजून कोराच आहे, सगळे लिहिले. जर्नले सर्टिफाय झाली, एक्स्टर्नलनी सह्या केल्या, गुण मिळाले. पुढच्या जूनमध्ये पहिला पाऊस पडला आणि झाडावर सुकून राहिलेली कारवीची फळे तडतड फुटायला लागली. नव्या वर्गातल्या मुलांनी विचारले, "मॅडम, मागच्या वर्षी नेमकी कुठवर फुलली होती?" मी जर्नले शोधायला स्टोअररूममध्ये गेले. उन्हाळ्याच्या सुटीत खोली रिकामी करताना ती सगळी रद्दीत गेली होती. चाळीस मुलांनी केलेले, आणि आणखी सात वर्षे पुन्हा करता येणार नाही असे काम किलोच्या भावाने गेले. मला ते फार लागले. त्याच महिन्यात मी ब्लॉगर या गुगलच्या सेवेवर विभागाचे पान उघडले.

२०१६ साली कारवी पुन्हा फुलली तेव्हा मुलांनी एकोणीस नोंदी लिहिल्या. त्यातली एक मला अजून तोंडपाठ आहे. एका मुलीने "येऊरची कारवी" असे शीर्षक देऊन चांगले वर्णन लिहिले होते. पण स्वतःचा फोटो नीट आला नाही म्हणून तिने साताऱ्याकडच्या पठारावरचा, आदल्या एका सहलीतला फोटो लावला. मीही वरवर वाचून "छान" म्हणून मोकळी झाले. दोन दिवसांनी खाली कमेंट आली. लिहिणारी मुलगी आमच्याच कॉलेजात कॉमर्सला होती आणि डोंगराच्या पायथ्याच्या पाड्यावर राहत होती. तिने लिहिले होते: "ही कारवी नाही. कारवी माणसाच्या वर जाते. तिच्या काठ्या तोडून आम्ही कूड बांधतो, वरून शेणमाती लिंपतो. या बुटक्या झुडपाच्या काठीचा कूड कसा होईल?"

तिचे बरोबर होते. फोटोतली होती टोपली कारवी. प्रजाती (जीनस) एकच, स्ट्रोबिलँथस, पण जाती (स्पीशीज) वेगळी. पठारावर ती उपड्या टोपलीसारखी बसकी वाढते, म्हणून तिला ते नाव. आमच्या मुलीला रडू यायला लागले आणि ती पोस्ट काढून टाकते म्हणाली. मी काढू दिली नाही. फोटोखालच्या ओळीवर रेघ मारून तिथेच "दुरुस्ती" असा शब्द, तारीख आणि दुरुस्ती कोणी सुचवली ते लिहायला लावले. कॉमर्सच्या मुलीला पुढच्या फेरीला आमच्याबरोबर नेले. तिने त्या दिवशी कोवळी काठी आणि कुडाला चालणारी काठी हाताने वाकवून दाखवली, आणि दोन्हींतला फरक मुलांच्या हाताला कळला. जर्नलमध्ये हाच फोटो चिकटवला असता तर मी "छान" लिहून सही केली असती आणि चूक तशीच रद्दीत गेली असती.

२०२४ साली तिसऱ्यांदा कारवी आली. या वर्गाने २०१६च्या नोंदी छापून घेतल्या आणि त्याच पायवाटेने त्याच उतारांवर गेला. तेव्हा आधी फुललेला पट्टा ओढ्याच्या अंगाला नोंदवलेला होता, आता वरचा उतार आधी फुलला. दोन नोंदींवरून सिद्धांत मांडता येत नाही, हे मुलांना सांगावे लागलेच. पण "असे का झाले असेल" हा प्रश्न बीएस्सीच्या मुलांनी स्वतःच्या विभागाच्या आठ वर्षे जुन्या नोंदींवरून विचारला. माझ्या नोकरीतला तो सर्वांत समाधानाचा तास होता.

आता थोडे मागे जाऊ, कारण तुमच्या विभागप्रमुखांना हे खूळ वाटते आहे. त्यांना सांगता येईल इतका इतिहास तुमच्या हाताशी असावा. ब्लॉगर ही सेवा १९९९च्या ऑगस्टमध्ये सुरू झाली. गुगलने ती २००३ साली घेतली आणि त्याच वर्षी वर्डप्रेस हे ब्लॉग काढायचे दुसरे साधन आले. त्याच वर्षी हार्वर्डच्या बर्कमन केंद्राने विद्यापीठाचा ईमेल पत्ता असलेल्या कोणालाही ब्लॉग काढायला मोफत जागा दिली. २००४ साली मिनेसोटा विद्यापीठात हेच काम ग्रंथालयाने हाती घेतले, आणि मला ते फार शहाणपणाचे वाटते. विद्यार्थ्यांनी, शिक्षकांनी आज लिहिलेले उद्या विद्यापीठाची स्मृती म्हणून जपायचे असेल, तर ते जपणे ग्रंथपालांचेच काम आहे, असा त्यामागचा विचार. व्हर्जिनियातल्या मेरी वॉशिंग्टन विद्यापीठाने २००७ पासून वर्डप्रेसवर सगळ्या विद्यापीठासाठी ब्लॉग चालवले. २०१३ पासून प्रत्येक नव्या विद्यार्थ्याला स्वतःचे डोमेन आणि सर्व्हरवर जागा द्यायला सुरुवात केली. पदवी घेऊन जाताना मुलगा आपले सगळे लिखाण उचलून बरोबर नेऊ शकतो. कॉलेजच्या लॉगिनवर केलेले काम लॉगिन बंद होताच नाहीसे होते, हे आपल्याकडची मुले दरवर्षी अनुभवतात.

विरोधही तितकाच जुना आहे. २००५च्या जुलैत अमेरिकेतल्या उच्च शिक्षणाच्या एका प्रमुख साप्ताहिकात टोपणनावाने एक लेख आला. प्राध्यापकपदाच्या उमेदवारांचे ब्लॉग निवड समितीने वाचले आणि ते त्यांना कसे भोवले, याचे त्यात वर्णन होते. त्याच वर्षी ऑक्टोबरात शिकागो विद्यापीठाने डॅनियल ड्रेझ्नर या लोकप्रिय ब्लॉग लिहिणाऱ्या राज्यशास्त्रज्ञाला कायम नेमणूक नाकारली. कारण ब्लॉगच होता असे म्हणता येणार नाही, पण तरुण अध्यापकांनी त्यातून जो घ्यायचा तो बोध घेतला. पुढच्याच वर्षी त्यांना टफ्ट्स विद्यापीठाने बोलावले, हे मात्र फारसे कोणी सांगत नाही. आपल्याकडे २००५ सालीच गौरव सबनीस या आयआयएम लखनौच्या माजी विद्यार्थ्याने एका खासगी व्यवस्थापन संस्थेच्या जाहिरातींतल्या दाव्यांबद्दल लिहिले. संस्थेची नोटीस आली. ते जिथे काम करत होते ती कंपनी आपल्यामुळे अडचणीत येऊ नये म्हणून त्यांनी नोकरी सोडली, पण मजकूर मागे घेतला नाही. पुढे ते अमेरिकेत प्राध्यापक झाले. म्हणजे भीती अगदीच निराधार नाही. तिच्याबद्दल खाली लिहितेच.

उघड्यावर अर्धवट लिहिण्यातून किती मोठे काम होऊ शकते, याचे माझ्या माहितीतले सर्वांत ठसठशीत उदाहरण गणितातले आहे. माझा विषय नव्हे, पण ही गोष्ट मी प्रत्येक नव्या वर्गाला सांगत असे. केंब्रिजचे टिमोथी गॉवर्स हे फील्ड्स पदक या गणितातल्या फार मोठ्या सन्मानाचे १९९८चे मानकरी. २७ जानेवारी २००९ रोजी त्यांनी आपल्या ब्लॉगवर विचारले की पुष्कळ जणांनी मिळून, सगळ्यांच्या देखत, एकच प्रश्न सोडवता येईल का? लगेच फेब्रुवारीत डेन्सिटी हेल्स-ज्युएट नावाच्या एका प्रमेयाची नवी सिद्धता शोधायला सुरुवात झाली. प्रमेय आधी सिद्ध झालेले होते, पण फार लांबच्या आणि जड वाटेने. त्यांना साध्या साधनांनी केलेली सिद्धता हवी होती. भाग घेणाऱ्यांसाठी त्यांनी नियम घालून दिले. त्यांचा मथितार्थ असा, की एकट्याने घरी बसून आठवडाभर डोके खाजवू नका, सुचेल तो तुकडा लगेच लिहा, तो कच्चा असला तरी चालेल. ३७ दिवसांत २७ जणांनी सुमारे ८०० कमेंट लिहिल्या, मिळून १,७०,००० शब्द. त्यांत टेरेन्स टाओ यांच्यासारखे फील्ड्स पदकवाले होते आणि एक शाळेतले शिक्षकही होते. सिद्धता मिळाली. डी. एच. जे. पॉलिमॅथ या सामायिक नावाने लिहिलेला लेख २०१२ साली "अॅनल्स ऑफ मॅथेमॅटिक्स" या नियतकालिकात छापून आला.

छापील लेखात फक्त सापडलेली वाट असते. चुकलेल्या वाटा, "थांबा, मी वर लिहिलेले चूक आहे" अशी कबुली, आणि ती कबुली वाचून तिसऱ्यालाच सुचलेली युक्ती हे सगळे त्या ८०० कमेंटमध्ये तारखेसह आहे. संशोधन कसे होते हे विद्यार्थ्याला दाखवायला दुसरा इतका चांगला दस्तऐवज मी पाहिलेला नाही. हीच मंडळी २०१० साली पॉल एर्डोश या गणितज्ञाच्या एका कोड्यामागे लागली आणि अडकून पडली. पाने मात्र तशीच राहिली. २०१५ साली टाओ यांच्या ब्लॉगवर एका वाचकाने सुचवले की तुम्ही आत्ता ज्यावर लिहिता आहात त्याचा त्या जुन्या कोड्याशी संबंध दिसतो. टाओ यांनी तो धागा पकडला आणि कोडे सुटले. पाच वर्षे पडून राहिलेली अपयशाची नोंद उपयोगी पडली, कारण ती कोणी काढून टाकली नव्हती. आमच्या मुलीला पोस्ट काढू न देण्याचे बळ मला अशाच गोष्टींतून आले.

दुसरे उदाहरण आपल्या जीवशास्त्राचे. २ डिसेंबर २०१० रोजी नासाने पत्रकार परिषद घेतली. कॅलिफोर्नियातल्या मोनो सरोवरातला एक जिवाणू डीएनएमध्ये फॉस्फरसच्या जागी आर्सेनिक वापरतो, असा शोधनिबंध "सायन्स" या नियतकालिकाने स्वीकारला होता. जगभर बातम्या झाल्या. दोनच दिवसांनी व्हँकूव्हरच्या ब्रिटिश कोलंबिया विद्यापीठातल्या रोझी रेडफील्ड यांनी आपल्या प्रयोगशाळेच्या ब्लॉगवर त्या निबंधाची चिरफाड केली. डीएनए पुरेसे स्वच्छ केलेले नाही, वाढमाध्यमातच फॉस्फेटचा अंश आहे, तेवढ्यावर जिवाणू जगू शकतो, असे मुद्दे त्यांनी आकड्यांनिशी मांडले. मूळ लेखकांनी आधी म्हटले की अशी टीका रीतसर नियतकालिकातून यावी. रेडफील्ड तेवढ्यावर थांबल्या नाहीत. त्यांनी तो जिवाणू मागवला आणि स्वतः प्रयोग केले. त्या प्रयोगांच्या रोजच्या नोंदी, फसलेल्या वाढीसकट, ब्लॉगवरच लिहिल्या. २०१२च्या जुलैत त्यांचा आणि सहकाऱ्यांचा निबंध त्याच "सायन्स"मध्ये आला: डीएनएमध्ये आर्सेनिक सापडले नाही. २०२५च्या जुलैत "सायन्स"ने मूळ निबंध मागे घेतला, मूळ लेखक त्याला सहमत नसतानाही. ब्लॉगवरची टीका दोन दिवसांत आली आणि अधिकृत माघारीला साडेचौदा वर्षे लागली. नियतकालिके नकोत असा याचा अर्थ मी करत नाही. रेडफील्ड यांनाही शेवटी तिथेच जावे लागले. पण दोन दिवसांत झालेली ती चर्चा कुठे झाली असती, ब्लॉग नसता तर?

आता तुमचे प्रत्यक्ष प्रश्न.

पदोन्नतीबद्दल विभागप्रमुख बरोबर आहेत. यूजीसीच्या २०१८च्या नियमावलीत मूक (MOOC), म्हणजे सर्वांना खुल्या ऑनलाइन अभ्यासक्रमांना आणि ई-आशय निर्मितीला गुण आहेत, ब्लॉगचा रकाना नाही. त्यामुळे निबंध लिहिण्याचा वेळ काढून ब्लॉगला देऊ नका. जर्नल तपासण्याचा वेळ द्या. आम्ही जर्नलमधल्या फील्ड नोट्सच्या भागाच्या जागी ब्लॉगच्या नोंदी धरल्या. त्यासाठी अभ्यास मंडळाकडे जावे लागले नाही, अंतर्गत मूल्यमापनात बसवता आले. तुमच्या विद्यापीठात काय चालते ते आधी लेखी विचारून घ्या.

संशोधनाबद्दल मात्र सांभाळून. तुमच्या विषयापुरत्या चार गोष्टी सांगते. एक, नवी जाती सापडली असे वाटले तर तिचे नाव ब्लॉगवर टाकू नका. वनस्पतींच्या नामकरणाच्या नियमांनुसार २०१२पासून इलेक्ट्रॉनिक प्रकाशन चालते, पण ते आयएसएसएन किंवा आयएसबीएन क्रमांक असलेल्या प्रकाशनात आणि पीडीएफ स्वरूपात लागते. ब्लॉगवर दिलेले नाव वैध ठरत नाही, फक्त गोंधळ होतो. दोन, दुर्मीळ वनस्पतीची नेमकी जागा कधीही लिहू नका. कंदीलपुष्पाचा किंवा ऑर्किडचा फोटो जागेच्या नावासह टाकला की पुढच्या रविवारी तिथे पन्नास माणसे पोचतात आणि कंद उपटले जातात. जिल्हा लिहा, फार तर तालुका. फोनमधल्या फोटोत जागेची माहिती दडलेली असते, ती काढूनच फोटो चढवा. तीन, पेटंटची शक्यता असलेले काही असेल, औषधी अर्क वगैरे, तर आधी मार्गदर्शकांना विचारा. उघड झालेली गोष्ट नवी राहत नाही. चार, आणि हे खूप जणांच्या लक्षात येत नाही: प्रबंध साम्यतपासणीला जातो तेव्हा तुमचाच ब्लॉग तुमच्यावर उलटू शकतो. २०१८च्या वाङ्मयचौर्यविरोधी नियमांत १० टक्क्यांपर्यंतचे साम्य चालते, त्यापुढे टप्प्याटप्प्याने कारवाई आहे. सॉफ्टवेअर "हे तुमचेच आहे" असे ओळखत नाही. ब्लॉगवरचा परिच्छेद उचलून प्रबंधात घालू नका, नव्याने लिहा. घालावाच लागला तर मार्गदर्शकांच्या सहीने तसे नमूद करा. ब्लॉगवर निष्कर्ष लिहायची घाईही करू नका. पद्धत, अडचणी, वाचलेल्या निबंधांबद्दलचे विचार, फसलेली पॉलिथीनची पिशवी आणि बुरशी लागलेले नमुने यांवर खुशाल लिहा. असे लिहिणाऱ्यांना दुसऱ्या कॉलेजातून मदत येते, हा माझा अनुभव आहे. माझ्या हर्बेरियम शीट्सना, म्हणजे वाळवून कागदावर चिकटवलेल्या वनस्पतींना, कीड लागत होती ती कशी थांबवायची, हे मला कोल्हापूरच्या एका अनोळखी सहकाऱ्याने कमेंटमध्येच सांगितले.

नोकरीचे नियमही वाचून ठेवा. सरकारी कॉलेजातल्यांना १९७९चे महाराष्ट्र नागरी सेवा वर्तणूक नियम लागू होतात. तुम्ही अनुदानित कॉलेजात आहात, तेव्हा विद्यापीठाचे परिनियम आणि तुमच्या संस्थेचे नियम पाहा. प्राचार्यांची लेखी परवानगी घ्या, त्यात "विद्यार्थ्यांच्या अभ्यासनोंदी" असे स्पष्ट लिहा, आणि त्या ब्लॉगवर त्याबाहेरचे काही येऊ देऊ नका. तुमची इतर मते मांडायची असतील तर स्वतःच्या नावाने, वेगळ्या जागी.

भाषा. हा प्रश्न तुम्ही जाता जाता विचारला आहे, पण मला तो सर्वांत महत्त्वाचा वाटतो. नोंदी मराठीत लिहा. परीक्षा इंग्रजीत असते, मुलांची तीच सवय मोडेल, असे मला सहकारी म्हणत. झाले उलटेच. पाठ केलेले इंग्रजी वाक्य जर्नलमध्ये उतरवताना मुलाने झाड पाहिलेलेच नसते. मराठीत "पान कसे आहे" असे विचारले की तो पानाकडे बघतो. "खरखरीत, मांजराच्या जिभेसारखे" असे एका मुलाने लिहिले. ते वाक्य त्याला कुठल्याही पुस्तकाने दिलेले नव्हते. नंतर त्याला त्यासाठीची इंग्रजी संज्ञा सांगितली, ती तो विसरला नाही. शास्त्रीय नाव रोमन लिपीत तिरप्या अक्षरांत, कुळ आणि संज्ञा शेवटी दोन्ही भाषांत, बाकी सगळे मराठीत, असा आमचा रिवाज. अडले तर मराठी विश्वकोश आणि भाषा संचालनालयाचे परिभाषा कोश आहेत. पण कोशातला शब्द मुलांच्या तोंडी बसत नसेल तर हट्ट धरू नका. आणि कारवीच्या त्या कमेंटकडे पुन्हा बघा. नोंद इंग्रजीत असती तर पाड्यावरच्या मुलीने ती वाचून दुरुस्त केली असती का? आपल्या विषयाचे निम्मे जाणकार कॉलेजच्या बाहेर आहेत आणि ते मराठी बोलतात. टाइप मात्र युनिकोडमध्येच करा. ऑफिसात अजून श्रीलिपी किंवा कृतिदेव या जुन्या, युनिकोड नसलेल्या फॉन्टमध्ये केलेल्या फायली असतात. त्या तशाच चिकटवल्या तर कोणाला शोधून सापडत नाहीत.

पद्धत सोपी ठेवा. एका सत्रात एका मुलाच्या चार नोंदी पुरेत, प्रत्येकी दीडशे ते तीनशे शब्द. प्रत्येक नोंदीत तारीख, वेळ, स्वतः काढलेला फोटो किंवा आकृती आणि निदान एक न सुटलेला प्रश्न असावा. दुसऱ्यांच्या दोन नोंदींवर कमेंट, पण "छान" चालणार नाही, त्यात काही भर किंवा शंका हवी. आमच्याकडे दहातले तीन गुण दुरुस्तीला होते: कोणी चूक दाखवली आणि ती तारखेसह सुधारली, तर पूर्ण गुण. पहिल्या वर्षी मी हे केले नव्हते, आणि मुले चुका लपवत होती. गुण ठेवल्यावर ती एकमेकांच्या चुका शोधायला लागली, मग स्वतःच्याही. नोंदी प्रकाशित करण्याआधी फक्त नावे, पत्ते, फोन नंबर आणि जागा तपासा, भाषा तपासत बसू नका. नाहीतर तुम्हीच थकाल आणि दिवाळीपर्यंत सगळे थांबेल.

मुलींच्या बाबतीत विशेष काळजी घ्या. पूर्ण नाव आणि चेहरा एकत्र येऊ देऊ नका. आम्ही पहिले नाव आणि वर्ग एवढेच देत असू. एफवायची मुले अठराच्या आत असू शकतात. २०२३च्या वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्यात अठराखालच्यांना बालकच धरले आहे, म्हणून पालकांची संमती घ्या. ज्याला उघड लिहायचे नाही त्याला कागदावर लिहू द्या, गुण कापू नका. कमेंट तुमच्या नजरेखालून गेल्याशिवाय दिसणार नाहीत अशी सोय असते, ती चालू ठेवा.

२०२२च्या शेवटी चॅटजीपीटी आले आणि पुढच्याच सत्रात मला पिंपळावर एकसारख्या सहा नोंदी मिळाल्या. विषय बदलले की प्रश्न सुटतो. "पिंपळाची माहिती" कोणीही यंत्राकडून लिहवून घेईल. "प्रयोगशाळेमागच्या पिंपळाला या सोमवारी पालवी किती फांद्यांना आली आणि मागच्या सोमवारी किती होती" हे लिहायला झाडाखाली जावेच लागते. मी रानातल्या कच्च्या वहीच्या पानाचा फोटो नोंदीखाली सक्तीचा केला. पावसाने भिजलेली, शाई पसरलेली पाने तिथे आली आणि ब्लॉग आधीपेक्षा चांगला झाला.

मैत्रीण रील काढ म्हणते, तर रीलही काढा, मुलांना आवडेल. पण आठ वर्षांनी "ओढ्याच्या अंगाचा उतार" असे शोधून रील सापडणार नाही. लिहिलेले सापडते.

शेवटी जपणुकीचे. फुकटच्या सेवा कायम राहतील असे धरू नका. २००६च्या जुलैत काही ठरावीक पाने बंद करण्याच्या आदेशापायी आपल्या देशात अख्खे ब्लॉगस्पॉट, म्हणजे ब्लॉगरवरची सगळी पाने, काही दिवस दिसेनासे झाले होते, आणि वेगवेगळे ब्लॉग एका जागी वाचायची रीडर ही सेवा गुगलने २०१३ साली बंद केली तेव्हा वाचकांची सवयच मोडली. दर सत्राच्या शेवटी ब्लॉगची पूर्ण प्रत उतरवून घ्या. एक प्रत विभागाच्या हार्ड डिस्कवर, एक ग्रंथपालांकडे रीतसर नोंद करून. मुख्य पानांची प्रत इंटरनेट आर्काइव्हवरही टाकून ठेवा. विभागाच्या नावाने वेगळा ईमेल काढा, स्वतःच्या ईमेलवर ब्लॉग ठेवू नका, आणि त्यावर किमान दोन अध्यापकांना प्रशासक करा. मी निवृत्त होताना ईमेल, पासवर्ड आणि कारवीच्या उतारांचा हाताने काढलेला नकाशा असे एक पाकीट धाकट्या सहकाऱ्याच्या हातात दिले. त्यावर २०३२ असे लिहिले आहे. तुमच्या भागातली कारवी मागे कधी फुलली होती, ते या जूनमध्ये जवळच्या पाड्यावर जाऊन विचारा. पहिली नोंद तीच होऊ द्या.